पहिला फेरा बायांचा

१२ मे २००४, बुधवार
कारखान्याचं गाळप संपून महिना झाला. हंगामी कामगार म्हणजे सहा महिने फिटर, सहा महिने बिनकामाचा. घरात बसून डोकं सडत होतं. सुनंदा तर म्हणाली, "अवो, कुठं तरी जाऊन या, निदान पंखा तरी दुरुस्त करू नका आता." चांगला चालणारा पंखा मी दोनदा खोलला होता.
आज शेषरावदादांचं बोलावणं. डोंगरकडा गावाच्या अलीकडं रस्त्याला लागून त्यांचा चाळीस एकर माळ, कुसळाशिवाय काही येत न्हाई. तिथं बाग, पाळणे, तळं आन मधोमध रोलर कोस्टर करायचं मनात. "मिस्तरी, मुंबईला बसून आलो. पोटातलं पाणी हाललं. आपल्या जिल्ह्याला असं काही न्हाई. जमंल का?" कुठून तरी नकाशे आणलेत, साठ फुटाचे. ते बघितले. रूळ, साखळी, चार डबे, डब्यात चार शिटं. ऊस वर ओढून नेणारी साखळी मी अठरा वर्षं सांभाळली. ऊस काय आन माणूस काय. जमंल म्हणालो.
घरी येऊन सुनंदाला सांगितलं.
सु. : "त्यांनी इचारलं तरी का, आधी कधी केलंय का म्हणून?"
न्हाई इचारलं. मीबी सांगितलं न्हाई.

३० मे, रविवार
बावीस पाये. एकेक सहा फूट खोल. वर मुरूम, खाली काळा दगड, टिकाव उडून अंगावर येतो. तांड्यावरच्या पंधरा बाया कामावर. त्यांची म्होरकी सक्रीबाई, पन्नाशीची, तोंडाची फटकळ. भरलं घमेलं डोक्यावर, हात मोकळे, आन तोंड चालूच. सु. काँक्रीट भरलेल्या पायांवर पाणी मारायला. सोळा बाया आन मी एकटा, म्हणजे माझी काय गत.
सक्री : "मिस्तरी, ह्या गाडीत बसून मानूस जातो कुठं?"
"कुठंच न्हाई. जिथं बसला तिथंच उतरतो."
"मंग बसायचं काहून?"
बाया फिदीफिदी हसून राहिल्या.

१९ जून, शनिवार
शेवटचा पाया भरला. दादांनी पेढे आणले, पेपरवाला, फोटोवाला आणला. फोटोत पुढं सगळे इस्त्रीचे कपडे. बायांना म्हणाले, जरा मागं सरका. डोकं फिरलं माझं. कारखान्यात अठरा वर्षं हेच पाहिलं. गाळप सुरू होताना पहिली मोळी टाकायचा मान मोठ्या घरच्या जोडप्याला; ज्यानं ऊस तोडला तो दोरीच्या पल्याड टाचा उंच करून बघणार. इथंबी तेच?
सगळ्यांदेखत बोललो, "दादा, गाडी झाली की पहिला फेरा ह्या सोळा बायांचा. सोळा शिटं, सोळा बाया. हा शब्द द्या, तर मी पुढचं लोखंड उचलतो."
दादा हसले. "दिला!" टाळ्या. पेपरवाल्यानं लिहून घेतलं.
सु. घरी येऊन म्हणाली, "लई आगाऊ हात तुमी." पण आज भाजीला फोडणी वेगळी होती.

११ ऑगस्ट, बुधवार
जोडकाम. वेल्डिंगला गफूरभाई, कारखान्यातला माझा जोडीदार. जोड निवला की मी हातोडीनं वाजवतो. पक्का जोड खणखणतो, कच्चा मडक्यागत बोलतो. गफूरभाईला राग. "देवीदासभाई, मेरे जोड पे शक?" शक न्हाई बाबा, सवय. आज एक्केचाळीस वाजवले, एक मडकं निघालं. गफूरभाईनंच कापलं.
पाऊस न्हाई. आमचं काम सुसाट, बाकीच्यांची बोंब.

२ ऑक्टोबर, शनिवार
दादा सकाळीच आले. गाडीतून उतरायच्या आधी बोलणं चालू. औरंगाबादकडं कुणी तरी सत्तर फुटाची करून राहिला म्हणे. "आपल्याला पंच्याहत्तर. अख्ख्या मराठवाड्यात सगळ्यात उंच. मिस्तरी, खाली संगमरवराची पाटी लावू. बांधणार : देवीदास मिस्तरी."
माझं नाव, दगडात.
लगेच हो म्हणालो. आकडेमोड नंतर केली. हे असंच लिहून ठेवतो. उद्या दादांनी बळजबरी केली असं माझंच मन म्हणायला लागलं, तर हे पान उघडून बघायचं.
पंधरा फूट वाढले म्हणजे उतारावर वेग वाढणार आन उताराच्या पायथ्याशीच पहिलं वळण. ते आतल्या अंगाला कलतं केलंय, अजून थोडं कलतं करू. नकाशा साठाचा. त्याच्यावरचं सगळं माझ्या डोक्यातलं.

२४ नोव्हेंबर, बुधवार
कारखान्याचा भोंगा झाला. गफूरभाई गेला. मलाबी चिठ्ठी आली होती, ह्या हंगामाला येत न्हाई म्हणून कळवलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. वरच्या पंधरा फुटांसाठी नांदेडहून दोघं वेल्डर आले. जोड खणखणतात, तक्रार न्हाई.
जाताना गफूरभाई वर बघत उभा राहिला. "नीचे का मोड तो साठ के हिसाब का है ना?"
"कलतं केलंय ना अजून."
"कितना?"
"बसंल एवढं."
त्यानं टोपी सारखी केली आन जीपमधी बसला. मला त्याचा राग आला. दिवसभर नांदेडच्या पोरांवर ओरडलो.

९ फेब्रुवारी २००५, बुधवार
चालली!
सोळा शिटांवर वाळूची सोळा पोती, एकेक साठ किलोचं, आडवी टाकून काथ्यानं आवळलेली. मी खटका दाबला. साखळी कडकड करत डबे वर घेऊन गेली. टोकावर जरा थांबल्यागत झाली. मग खाली. असा आवाज मी आयुष्यात ऐकला न्हाई. वळण घेतलं, दुसरी टेकडी चढली, येऊन जाग्यावर उभी. पोती जशीच्या तशी.
तांड्यावरचं झाडून सगळं माणूस माळावर. सक्रीनं दोन्ही हातानं माझ्या तोंडावरून उतरवून बोटं मोडली. मी डोळे पुसले, तेलाचा हात डोळ्यात गेला. खोटं कशाला, तेलामुळं न्हवतं ते.

२७ मार्च, रविवार
रोज वीस फेरे, पोत्यांचेच. बिनबोभाट. १ मेला उद्घाटन ठरलं. मंत्री येणार. कार्डावर छापलंय, 'पहिली फेरी : कष्टकरी भगिनी'. दादांना आता ही कल्पना स्वतःचीच वाटून राहिली. वाटू द्या.
तपासणीचे साहेब येऊन गेले. शहाळं प्याले, पोत्यांचा एक फेरा लांबून बघितला, सही केली. रुळाला हात न्हाई लावला. मला बरंच वाटलं.
सोळाही बायांनी सारखी पातळं घ्यायचं ठरवलं. पिवळी. सु. दुकानात दोन तास.

१० एप्रिल, रविवार
दुपारी डोंगरकड्याच्या वळणावर वऱ्हाडाची ट्रॉली उलटली. आमी माळावरून धावलो. तीसेक माणूस. देवाची कृपा म्हणा, नशीब म्हणा, जीव कुणाचा गेला न्हाई. हातपाय मोडले. एक म्हातारी नुसतीच बसली होती, काखेत अक्षतांचं ताट धरून.
ट्रॅक्टरवाला ओळखीचा. कपाळ धरून एकच बोलत होता. "मिस्तरी, कालच ह्याच ट्रॉलीत साठ पोती हळद वसमतला नेली. हेच वळण, हाच स्पीड. ट्रॉली हालली सुदिक न्हाई. माणसं तर त्याच्या निम्म्यानंबी न्हवती वजनाला. मंग उलटली काहून?"
मी त्याला पाणी पाजत होतो. हातातला तांब्या तसाच राहिला.
पोतं आडवं पडतं. माणूस ताठ असतो. त्याचं ओझं वर असतं, छातीत, डोक्यात.
मी दोन महिने पोती फिरवून राहिलो.

१३ एप्रिल, बुधवार
आज सगळ्यांना सुट्टी देऊन एकट्यानं केलं. अर्धी अर्धी भरलेली पोती एकावर एक, बांबूला उभी बांधली, माणूस बसल्यागत. वळणावरच्या आतल्या रुळाला चुना फासला. चाक गेलं की चुना पुसला जाणार, साधी गोष्ट. गाडी सोडली. फिरून आली, नीट उभी राहिली.
वळणावर गेलो. दोन्ही बाजूला चुना पुसलेला. मधी चार फूट जसाच्या तसा. बोट लावून बघितलं, ओला, गुळगुळीत.
त्या चार फुटांत आतली चाकं रुळावर न्हवतीच.
डबा उलटू नये म्हणून रुळाखालून लोखंडी आकडा आहे. तोच धरून राहिला. त्याच्यावर नवा चकचकीत ओरखडा. परत फिरवली. ओरखडा वाढला.
वर पंच्याहत्तर फूट, आन मी खाली चुन्याचं बोट घेऊन. लाज वाटली. भीतीपेक्षा लाज जास्त. गफूरभाईनं विचारलं होतं, कितना. मला आकडा माहीत न्हवता.

१४ एप्रिल, गुरुवार
जयंती. मिरवणुकीत होतो. लोक म्हणत होते, आपला देवीदास, मराठवाड्यात एक नंबर. खांद्यावर घ्यायला आले. पाय दुखतो म्हणालो.

१५ एप्रिल, शुक्रवार
दादांना वळणावर नेऊन दाखवलं. चुना, ओरखडा, सगळं. म्हणालो, टेकडी पंधरा फूट उतरवतो, न्हाईतर वळण उखडून परत टाकतो. सव्वा महिना द्या.
"आकडा कशाला लावलाय मंग?"
"आकडा एखाद्या वेळी अडवायला हाय दादा. रोज ओझं व्हायला न्हाई."
"पण आली ना परत? उलटली का?"
"न्हाई."
"मंग?" खांद्यावर हात ठेवला. "मिस्तरी, नवरीच्या बापाचं होतं तसं झालंय तुमचं. ऐन टायमाला धडधड. कार्डं वाटली, मंत्र्याची तारीख घेतली. साठ फुटाची गाडी बघायला येतंय कोण?"
मी म्हणालो, मी खटका दाबणार न्हाई.
दादा हसले न्हाईत आज. "तुमच्यावाचून अडतंय थोडंच," म्हणाले आन गेले. मी मागं वळून पाटीकडं बघितलं. आणलीय, भिंतीला टेकवून ठेवलीय. अक्षरं सुंदर काढलीत पाटीवाल्या मेल्यानं.

२२ एप्रिल, शुक्रवार
सात दिवस घालवले. तपासणीच्या साहेबांच्या हापिसात गेलो, साहेब रजेवर. गफूरभाईला कारखान्यावर जाऊन सांगितलं, तो म्हणाला लिखके दो. हापिसात लिहून दिलं, पोच न्हाई मिळाली. शेवटी मनाशी म्हणलं, दादा न्हाई ऐकत तर बाया ऐकतील. बसायला माणूसच न्हाई तर गाडी कशी सोडणार.
तांड्यावर गेलो. लिंबाखाली सगळ्या जमल्या. सांगितलं, बसू नका. पोत्याचं, माणसाचं, चुन्याचं, सगळं सोपं करून सांगितलं.
सक्री : "कोन बसनार हाय आमच्या जागी?"
"कुणी न्हाई. कुणीच बसू नये."
"मिस्तरी, वरीसभर धोंडे उचलले तवा गाडी चांगली. आता मंत्र्याच्या घरच्या बाया येनार, तवा आमाला भ्या दाखवता व्हय? तुमी पन त्यातलेच निघाले. तुमीच शब्द घेतला, आता तुमीच इकून राहिले."
"सक्रीबाई, माझ्या बायकोचं शीट हाय त्यात!"
"मंग तिला ठिव घरी. आमी बसनार."
कुणी पाणी विचारलं न्हाई. त्या तांड्यावर मला पाणी विचारलं न्हाई असं आजवर झालं न्हाई. लांबचा रस्ता धरून आलो. वाटेत रडलो. वर्षानुवर्षं मागं सरका म्हणून ज्यांना सांगितलं, त्यांनी काहून विश्वास ठेवावा. मीबी ठेवला नसता.

२९ एप्रिल, शुक्रवार
सु.शी भांडण. सकाळपासून.
मी : "तू बसू नको."
ती : "त्या पंधरा जनी वर जानार आन मी खाली उभी राहून बघू?"
"मरायचं हाय का?"
"तुमाला एवढं कळत होतं तर पंधरा फूट काहून चढवले?"
ताट सरकवून उठलो. तीबी जेवली न्हाई. पिवळं पातळ इस्त्री करून खुंटीला टांगलंय, घरात कुठंबी बसलं तरी दिसतं.
एक केलं. खटक्याच्या पेटीची चावी माझ्याकडं असते, ती दिली न्हाई. हरवली म्हणून सांगितलं.

१ मे २००५, रविवार
सकाळी पेटीचं कुलूप तोडलं. नांदेडचा एक ऑपरेटर आणून ठेवलाच होता, आकाशपाळण्यावरचा. त्याला मी कोपऱ्यात घेऊन सांगायला लागलो, तर दादांच्या दोन माणसांनी मला दंडाला धरून बाजूला केलं. गर्दी एवढी की माझं ओरडणं माझ्याच कानाला ऐकू येईना. मंत्री दीड तास उशिरा. नारळ फुटला. सोळा पिवळी पातळं रांगेनं चालत आली. सु. दुसऱ्या डब्यात, सक्रीच्या शेजारी, वळणाच्या आतल्या अंगाला. माझ्याकडं बघितलं तिनं. हात हालवला न्हाई.
मी पळत वळणाच्या खाली जाऊन उभा राहिलो. काय करणार होतो तिथं, माहीत न्हाई. झेलणार होतो बहुतेक.
साखळीचा आवाज. टोक. किंचाळ्या. डोक्यावरून पिवळं काही तरी गेलं.
आन काही झालं न्हाई.
फिरून आली, उभी राहिली. शिट्ट्या, हलगी, गुलाल. बाया उतरून एकमेकींच्या गळ्यात पडून हसून राहिल्या. सक्री माझ्या समोरून गेली, मुद्दाम थांबली. "बसलो बरं का मिस्तरी." सगळे हसले. दादांनी मोठ्या मनानं पाटी उघडी केली, माझं नाव वाचून दाखवलं. माईकवर म्हणाले, उद्या धा वाजेपासून तिकीट चालू, शाळांना सुट्ट्या लागल्या, लेकरं घेऊन या.
लोक मला पेढा भरवत होते. मी खाल्लाबी. खोटं लिहीत न्हाई, एक क्षण वाटलं, आपणच चुकलो असू. किती बरं वाटलं ते.

त्याच दिवशी, दिवेलागण
सु. घरी आली. पातळ सोडून घडी घातली. चहा मांडला, उतू गेला तरी तिथंच उभी. मग चुलीकडं तोंड करूनच बोलली.
"वळनावर बुडाखालून डबा उचलला. मी सक्रीच्या अंगावर कलले. खालून कटकन आवाज झाला, मग टेकला. त्यास्नी वाटलं गंमत हाय, गाडी अशीच असती. लई हसल्या. मी कुनाला काही बोलले न्हाई. त्या हसत होत्या ना." मग माझ्याकडं वळली. "तुमचं बराबर होतं."
अठरा वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं आन मला ते नको होतं.
मी म्हणालो, उद्या परत साहेबांकडं जातो. ती म्हणाली, साहेब उठेपर्यंत लेकरं बसलेली असतील. चप्पल घातली आन एकटीच तांड्यावर गेली. मी येऊ का विचारलं तर नको म्हणाली, तुमाला बघून बिघडंल.
तासाभरानं आली.
"काय म्हणाल्या?"
"सक्री म्हनली, तू उद्या काय करनार ते सांग आधी."
"मग?"
"मी सांगितलं, धाच्या आत जाऊन साखळीच्या तोंडाशी रुळावर बसनार. उठवलं तर परत बसनार."
"आन त्या?"
"ऐकून घेतलं. सक्रीनं पानी दिलं मला."
मीबी बसणार आहे. हे लिहून ठेवतो. आत परात वाजून राहिली. दोघांच्या भाकरीला एवढं पीठ लागत न्हाई. किती जणांच्या थापून राहिली म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मला काय माहीत."